आधी काय बिघडतं?

वैद्यकातला नेहमीचा क्रम आपल्याला ठाऊक असतो: आधी उंदीर, मग माणूस. अल्झायमरच्या मेंदूचं पहिलं खणखणीत चित्र मात्र माणसात मिळालं, आणि तीच युक्ती उंदरावर करून पाहिली तेव्हा काहीच दिसेना.

ही गोष्ट पिट्सबर्ग विद्यापीठातली. विल्यम क्लंक हे मानसोपचारतज्ज्ञ आणि चेस्टर मॅथिस हे किरणोत्सारी रसायनं घडवणारे शास्त्रज्ञ. दोघांच्या समोर एक जुना रंग होता, थायोफ्लेविन-टी. अल्झायमरनं दगावलेल्या माणसाच्या मेंदूचे पातळ काप करून त्यांवर हा रंग टाकला, की चेतापेशींच्या मधल्या जागेत साचलेले अमायलॉइड प्रथिनाचे पुंजके चमकू लागतात. या पुंजक्यांना प्लाक म्हणतात. पण रंग जिवंत माणसाच्या शिरेत टोचून उपयोग नव्हता, कारण त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असतो आणि असा रेणू रक्तातून मेंदूत सहसा शिरत नाही. क्लंक आणि मॅथिस यांनी अनेक वर्षं खपून त्या रेणूचा भार काढून टाकला आणि त्याला कार्बन-११ हा किरणोत्सारी अणू जोडला. कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो. म्हणजे तो बनवणारा सायक्लोट्रॉन रुग्णालयाच्या आवारातच हवा आणि रसायनज्ञाचा हात चपळ हवा. फेब्रुवारी २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे हे द्रव्य पहिल्यांदा एका रुग्णाला दिलं गेलं. तिथल्याच लोकांनी त्याचं नाव पाडलं पिट्सबर्ग कंपाउंड-बी, थोडक्यात पिब. २००४ मध्ये सौम्य अल्झायमर असलेले १६ रुग्ण आणि ९ निरोगी माणसं यांचे पेट स्कॅन, म्हणजे टोचलेलं किरणोत्सारी द्रव्य मेंदूत कुठे साचलं ते दाखवणारी चित्रं, प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या मेंदूचा पुढचा भाग लालपिवळा पेटलेला, निरोगी माणसांचा जवळजवळ थंड. तोवर अमायलॉइड बघायचा तर मेंदू मृत्यूनंतर उघडावा लागे, आता माणूस जिवंत असताना तो दिसू लागला.

मग पाळी उंदरांची. ज्यांच्या मेंदूत अमायलॉइड खच्चून भरलेला आहे, असे खास तयार केलेले उंदीर स्कॅनरमध्ये ठेवले. पण २००५ मध्ये क्लंक यांच्याच गटानं जाहीर केलं, की आजारी उंदीर आणि साधा उंदीर यांच्या पेट चित्रांत फरक कळत नाही. हा निकाल दडपून न ठेवता छापला, याबद्दल या गटाला मानायला हवं. अपयश छापण्याची हौस विज्ञानात फारशी कुणाला नसते.

पिब प्लाकपर्यंत पोचत नव्हतं असंही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ते उंदराच्या प्लाकला चिकटलेलं स्पष्ट दिसे. खोट होती ती प्लाकच्या घडणीत. माणसाच्या अमायलॉइडवर पिबला घट्ट धरून ठेवणाऱ्या जितक्या जागा असतात, त्यांच्या तुलनेत उंदराच्या अमायलॉइडवर त्या शेकडो पटींनी कमी भरल्या. दोन वर्षांनी जपानमधल्या चिबा इथल्या संशोधकांनी किरणोत्साराचं प्रमाण खूप वाढवलेलं पिब वापरून म्हाताऱ्या उंदरांत अखेर संकेत मिळवला. त्यांना असंही आढळलं, की पिबची पकड अमायलॉइडच्या एका विशिष्ट, टोक तुटून बदललेल्या प्रकाराशी जुळते. माणसाच्या मेंदूत हा प्रकार मुबलक असतो, या उंदरांत मात्र बेताचाच.

या प्रकरणाची सुरुवात या फसलेल्या स्कॅनपासून मुद्दाम केली आहे. प्राण्यांच्या मेंदूची चित्रं काढून अल्झायमर लवकर ओळखता येईल, अशा बातम्या वर्षाआड येतात आणि त्या वाचताना आपण उंदराला छोटा माणूस समजून चालतो. तो तसा नाही. त्याचा उपयोग निराळा आहे. सकाळी स्कॅन केलेल्या उंदराचा मेंदू संध्याकाळी कापून, चित्रात दिसलेला डाग खरोखर तिथे आहे का, हे बघता येतं. माणसाच्या बाबतीत ही पडताळणी व्हायला अनेक वर्षं जातात, बहुतेकदा ती होतच नाही. उंदराचा आजार नकली असला तरी त्याच्यावर चित्राची परीक्षा अस्सल होते.

नकली म्हणजे किती, तेही पाहू. साध्या उंदराला अल्झायमर होत नाही. त्याचं अमायलॉइड-बीटा प्रथिन माणसाच्या प्रथिनापेक्षा फक्त तीन अमिनो आम्लांनी वेगळं आहे, पण तेवढ्यानं ते गोळा होऊन साचत नाही. १९९१ मध्ये लंडनच्या संशोधकांना आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबात अमायलॉइडचं मूळ प्रथिन घडवणाऱ्या जनुकातला दोष सापडला. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या एका कुटुंबात त्याच जनुकातला दुसरा दोष मिळाला. मग हे दोषी मानवी जनुक उंदरात घालण्याची शर्यत लागली. १९९५ मध्ये असा पहिला पटणारा उंदीर तयार झाला आणि १९९६ मध्ये मिनेसोटात कॅरन श्याओ यांनी स्वीडिश दोष घातलेला उंदीर जगापुढे आणला. त्याच्या मेंदूत वयाच्या साधारण नवव्या महिन्यापासून प्लाक दिसू लागतात आणि आठवणीच्या चाचण्यांत तो मागे पडतो. पुढे पाच दोष एकदम घातलेला उंदीर आला. त्याला दोन महिन्यांतच प्लाक होतात. संशोधकांची सोय झाली खरी, पण माणसात पंधरा-वीस वर्षं रेंगाळणारी प्रक्रिया आठ आठवड्यांत कोंबली, की तिच्यातलं काय शिल्लक राहतं हा प्रश्न उरतोच.

ती पंधरा-वीस वर्षं हेच या साऱ्या खटाटोपाचं कारण आहे. आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबांत आई किंवा वडिलांना कोणत्या वयात विसर पडू लागला, यावरून दोष मिळालेल्या मुलांना तो कोणत्या वयात पडू लागेल, हे अंदाजता येतं. अशा कुटुंबांचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षणं अपेक्षित असतात त्याच्या सुमारे १५ वर्षं आधी पिब स्कॅनवर अमायलॉइड दिसू लागतो आणि सुमारे १० वर्षं आधी मेंदूचा ग्लुकोजचा वापर घटू लागतो, असं त्यात दिसलं. म्हणजे आजी चष्मा फ्रिजमध्ये ठेवू लागली, तोवर आजार प्रौढ झालेला असतो. औषध द्यायचं तर ते या मूक काळात, हे आता जवळजवळ सर्वांना मान्य आहे. मात्र त्या काळात सगळ्यात आधी काय बिघडतं, हे माणसाच्या मेंदूत डोकावून सांगणं अवघड आहे. उंदराच्या मेंदूत डोकावता येतं, पण तिथे पहिली अडचण आकाराची.

माणसाचा मेंदू साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅमचा, उंदराचा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. आठवणींचं काम करणारा हिप्पोकॅम्पस उंदरात काही मिलिमीटरचा असतो. लहान प्राण्यांसाठी बनवलेला पेट स्कॅनर एक मिलिमीटरच्या आसपासचं ओळखू शकतो, त्याहून बारीक सगळं त्याला एकच. आणि प्लाक तर जेमतेम तीस-चाळीस मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेत पंचवीस-तीस मावतील एवढा. गव्हाच्या चाळणीनं रवा चाळून त्याचा दाणा मोजायला निघावं, तशातली ही गत. त्यामुळे पेट स्कॅन एखादा प्लाक कधीच दाखवत नाही. एका भागात एकंदर किती द्रव्य अडकून राहिलं, एवढंच तो सांगतो. उंदराच्या बाबतीत शेजारच्या भागातला संकेतही त्यात मिसळतो.

एमआरआयची नजर याहून तीक्ष्ण. आपल्याकडच्या रुग्णालयांत दीड किंवा तीन टेस्लाचं चुंबक असतं, तर उंदरांसाठी ७, ९.४, अगदी ११.७ टेस्लाची अरुंद नळी वापरतात. २००४ मध्ये मेयो क्लिनिकच्या क्लिफर्ड जॅक यांच्या गटानं ९.४ टेस्लाच्या यंत्रात, शिरेत कोणतंही रंगद्रव्य न टोचता, जिवंत उंदराच्या मेंदूतले सुटे प्लाक काळ्या ठिपक्यांच्या रूपात दाखवले. पन्नास मायक्रॉनच्या आसपासचे हे ठिपके. त्यासाठी उंदराला भूल देऊन, डोकं घट्ट बसवून, श्वासाच्या तालाशी यंत्राचा ताल जुळवावा लागला, कारण छाती हलली तरी चित्र फिसकटतं. नंतर मेंदू कापून ठिपका आणि प्लाक यांची जोडी लावली गेली. ठिपके काळे दिसतात ते बऱ्याच अंशी प्लाकमध्ये जमलेल्या लोहामुळे. नेमकं हे लोह तरुण उंदरांच्या प्लाकमध्ये कमी असतं. म्हणजे ज्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी चित्र हवं, त्याच टप्प्यात ते फिकं पडतं. शिवाय आडव्या कापलेल्या रक्तवाहिनीचा ठिपकाही तसाच काळा. हा प्रयोग मला देखणा वाटतो, पण लवकर निदानाचं साधन म्हणून त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये.

खरी मजा निराळ्याच तंत्रात झाली. उंदराच्या कवटीतून काही मिलिमीटरची गोल चकती काढतात आणि तिथे पातळ काच बसवतात. जखम भरली की मेंदूला कायमची खिडकी मिळते. १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात विनफ्रीड डेंक आणि सहकाऱ्यांनी द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शक बनवला होता. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशानं ऊतीत सुमारे अर्धा मिलिमीटर खोल बघतो. बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे ब्रॅडली हायमन आणि ब्रायन बॅक्सकाय यांनी ही खिडकी आणि हा सूक्ष्मदर्शक एकत्र आणले. २००१ मध्ये त्यांनी जिवंत उंदराच्या मेंदूतला एक-एक प्लाक ओळखून, प्रतिपिंडांचं औषध लावल्यावर काही दिवसांत तो विरघळताना दाखवला. तोच प्लाक पुन्हा सापडतो कसा? रक्तवाहिन्यांच्या नकाशावरून. त्यांची वळणं आणि फाटे प्रत्येक उंदरात वेगळे असतात आणि आठवड्यानंतरही बहुतांशी तसेच राहतात.

२००८ मध्ये याच गटानं मधे फारसा खंड न पाडता त्याच जागेची चित्रं काढली. काल जिथे काही नव्हतं तिथे आज प्लाक! चोवीस तासांत. एक-दोन दिवसांत मेंदूच्या सफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी त्याच्याभोवती गोळा झाल्या आणि त्यानंतरच्या दिवसांत शेजारच्या चेतापेशींचे तंतू वाकडेतिकडे, सुजलेले दिसू लागले. क्रम असा ठरला: आधी प्लाक, मग मायक्रोग्लियाची गर्दी, मग चेतापेशीची हानी. मेंदूच्या मृत कापांवर वर्षानुवर्षं वाद घालणाऱ्यांना हे जणू चलच्चित्र मिळालं.

अर्थात वाद संपला नाही. इतर प्रयोगशाळांनी महिनोन्महिने बघितलं तेव्हा त्यांना प्लाक संथपणे, आठवड्यांगणिक वाढताना दिसले. आणखी एक शंका थेट खिडकीबद्दलचीच आहे. हाड काढणं ही मेंदूला झालेली इजाच. २००७ मध्ये दाखवलं गेलं, की हाड पूर्ण काढलेल्या खिडकीखाली मायक्रोग्लिया चेकाळतात आणि चेतापेशींच्या जोडण्यांची उलथापालथ वाढते, तर हाड नुसतं तासून पातळ केलं तर तसं होत नाही. बघण्यासाठी केलेल्या भोकानंच बघायची गोष्ट बदलली, तर काय करायचं? यावर तोड एवढीच, की वेगवेगळ्या रीतींनी बघायचं आणि निकाल जुळतात का ते तपासायचं.

मग म्युनिकहून आलेल्या निकालानं तो क्रमच हलवला. आर्थर कोनेर्थ यांच्या गटात मार्क आउरेल बुशे यांनी चेतापेशींत कॅल्शियमला प्रतिसाद देणारा रंग भरला. पेशीनं संकेत सोडला की ती चमकते. सर्वांची अपेक्षा होती, की प्लाकशेजारच्या पेशी मंदावलेल्या असतील. तशा काही निघाल्याही, पण प्लाकला लागून असलेल्या अनेक पेशी उलट अतिउत्साहानं कडकडत होत्या. हे २००८ चं. २०१२ मध्ये त्यांनी हिप्पोकॅम्पस बघायचं ठरवलं. तो मेंदूच्या बाह्यस्तराखाली दडलेला, प्रकाश तिथवर पोचत नाही, म्हणून वरचा थर थोडा शोषून काढावा लागला. तरुण उंदरांत, प्लाक मुळी नसताना, पेशींचा अतिउत्साह तिथे सुरू झालेला होता. अमायलॉइड बनवणाऱ्या विकराला रोखणारं औषध देताच तो ओसरला. म्हणजे डोळ्यांना दिसणारा पुंजका होण्याआधीच विरघळलेल्या अवस्थेतला अमायलॉइड पेशींना छळत होता. प्लाक शोधत बसलेल्या साऱ्या चित्रतंत्रांना हा निकाल बोचणारा होता.

खिडकी न पाडता हे दिसेल का, हे बेल्जियममधल्या अँटवर्पच्या संशोधकांनी पाहिलं. त्यांनी उंदरांवर तीच फंक्शनल एमआरआय पद्धत वापरली, जी माणसांवर वापरतात. मेंदूच्या कोणत्या भागांत रक्तातला प्राणवायू एकाच लयीत वरखाली होतो, हे त्यातून कळतं. २०१६ मध्ये त्यांनी प्लाक येण्याआधीच हिप्पोकॅम्पस आणि इतर भागांत ही लय वाजवीपेक्षा जास्त एकत्र आल्याचं दाखवलं, दोन वेगवेगळ्या जातींच्या उंदरांत. प्लाक आल्यावर मात्र ती विस्कटते. गोम आहे ती भुलेत. उंदीर नळीत स्वस्थ पडून राहत नाही, त्याला भूल द्यावी लागते आणि भूल स्वतःच मेंदूची लय बदलते. कोणती भूल, किती, कधी यावरून प्रयोगशाळांचे निकाल फिरतात. तरीही म्युनिक आणि अँटवर्प एकाच दिशेला बोट दाखवतात याला वजन आहे. शिवाय माणसांतही धागा सापडतो. किंचित विसराळूपण असलेल्या लोकांत फंक्शनल एमआरआयवर हिप्पोकॅम्पस जास्त सक्रिय दिसतो आणि २०१२ मध्ये अपस्मारावरचं लेव्हेटिरासेटम हे औषध कमी मात्रेत दिल्यावर ती सक्रियता उतरून आठवणीची चाचणीही सुधारल्याचं एका छोट्या अभ्यासात आढळलं. उंदरात मिळालेली खूण माणसात शोधावी ती अशी.

विरघळलेल्या, अजून पुंजका न झालेल्या अमायलॉइडच्या लहान गुच्छांना पकडण्याचा थेट प्रयत्न नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात झाला. तिथले विल्यम क्लाइन हे गुच्छच खरे गुन्हेगार मानतात. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले पदार्थवैज्ञानिक विनायक द्रविड यांच्याबरोबर त्यांनी चुंबकीय अतिसूक्ष्म कणांना गुच्छ ओळखणारी प्रतिपिंडं जोडली आणि हे मिश्रण उंदरांच्या नाकात सोडलं. नाकावाटे गेलेलं काही द्रव्य रक्त-मेंदूचा अडसर चुकवून आत पोचतं. एमआरआयमध्ये आजारी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये काळसर छटा दिसली, निरोगी उंदरांत दिसली नाही. २०१५ चा हा प्रयोग बातम्यांत खूप गाजला. मात्र माणसाचं नाक आणि मेंदू यांची रचना उंदरापेक्षा वेगळी, अंतर मोठं आणि लोखंडी कण मेंदूत सोडण्याचा प्रश्न नाजूक. हे रुग्णालयात आलं नाही, यात नवल नाही.

अल्झायमरची दुसरी बाजू म्हणजे टाऊ प्रथिनाचे पेशीत होणारे गुंते. अमायलॉइडचे जनुक घातलेल्या बहुतेक उंदरांत ते होत नाहीत आणि माणसात दिसते तशी चेतापेशींची मोठी पडझडही होत नाही. एमआरआयवर हिप्पोकॅम्पस आकसलेला दिसला, की माणसात निदानाला बळकटी मिळते, पण ती खूण या उंदरांत शोधणं बरेचदा व्यर्थच. टाऊचा दोषी जनुक वेगळा घालावा लागतो. तशा एका जातीत २००७ मध्ये दिसलं, की गुंते होण्याच्या आधीच मायक्रोग्लिया चवताळतात आणि पेशींच्या जोडण्या गळतात. पुन्हा तोच अनुभव: ठळक दिसणारी खूण ही पहिली खूण नव्हे. टाऊ दाखवणारी पेट द्रव्यंही माणसात चालतात, उंदरात अडखळतात. पिबचा धडा दुसऱ्यांदा.

टीका वाढली तशी उंदीर बनवण्याची रीतही बदलली. जुन्या जातींत अमायलॉइडच्या मूळ प्रथिनाचा नुसता पूर येई, त्यामुळे दिसणारा बिघाड पुराचा की आजाराचा हे कळत नसे. २०१४ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत ताकाओमी साइदो यांच्या गटानं उंदराच्या स्वतःच्या जनुकातच मानवी बदल केले. मूळ प्रथिन नेहमीच्या प्रमाणात राहिलं आणि तरी प्लाक झाले. आधीच्या काही निकालांची पुन्हा तपासणी या उंदरांवर चालू आहे आणि त्यातले काही टिकणार नाहीत.

चित्रतंत्राचा सर्वांत रोकडा उपयोग औषधाच्या बाजूनं झाला. १९९९ मध्ये अमायलॉइडची लस टोचलेल्या उंदरांच्या मेंदूत प्लाक झालेच नाहीत, किंवा कमी झाले. माणसांवरची चाचणी मात्र मेंदूला सूज आल्यामुळे २००२ मध्ये थांबवावी लागली. त्याच वर्षी दुसरी धोक्याची सूचना उंदरांतूनच आली. म्हाताऱ्या, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड साचलेल्या उंदरांना तयार प्रतिपिंडं दिली, तेव्हा मेंदूत बारीक रक्तस्राव वाढल्याचं काप बघून कळलं. पुढे हेच स्राव जिवंत उंदरांत एमआरआयवर, आठवड्यांगणिक वाढताना बघता आले. आज लेकानेमॅबसारखी प्रतिपिंडं माणसांना मिळतात, अमेरिकेत त्याला २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ते सुरू करण्याआधी आणि पहिल्या काही महिन्यांत ठरावीक डोसांच्या आधी रुग्णाला एमआरआयच्या नळीत जावं लागतं. सूज किंवा बारीक रक्तस्राव ठरावीक मर्यादेपलीकडे दिसला, तर डॉक्टर पुढचा डोस थांबवतात, मग रुग्णाला स्वतःला काहीही जाणवत नसलं तरी.